सरपंचांच्या मुलाला नासकाच ठेवणेबाबत

प्रति,
मा. शाखाप्रमुख,
तालुका सैन्यभरती कार्यालय,
गोकबेल.

अर्जदार: इस्राफिल मेव्लूत दावुलजू, वय ४७, धंदा ढोलवादन, रा. यायलाबाशी, वरची आळी.

विषय: यायलाबाशीचे सरपंच श्री. हायरेत्तीन कोचाक यांचे चिरंजीव तुग्रुल यांना फेरतपासणीत सैन्यास 'योग्य' ठरवले जाऊ नये, याबाबत.

संदर्भ: १) श्री. कोचाक यांनी मुलाच्या फेरतपासणीसाठी आपल्याकडे केलेला अर्ज.
२) माझे स्वतःचे 'अयोग्य' असल्याचे प्रमाणपत्र.
३) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज, ज्यांना आपल्या कार्यालयाकडून उत्तर आलेले नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, हा अर्ज मी सूडबुद्धीने करीत आहे. आपले कारकून समासात पेन्सिलीने तसा शेरा मारतीलच, त्यापेक्षा मी आधीच शाईने लिहिलेले बरे. अर्जातील मजकूर मात्र अक्षरशः खरा आहे.

१. मी यायलाबाशीचा ढोलवाला. माझे वडील मेव्लूत उस्ताद सनई वाजवीत, आणि नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून मी त्यांच्या डाव्या हाताला उभा राहून ढोल वाजवी. गावातला मुलगा सैन्यात निघाला की आदल्या संध्याकाळी त्याच्या तळहातावर मेहंदी लावायची, सकाळी ढोल-सनईवर नाचत त्याला उतारावरून बसथांब्यापर्यंत न्यायचे, तिथे दोस्तांनी हवेत उडवून झेलायचे आणि मग बसमध्ये कोंबायचे, ही आमची रीत आपणास ठाऊक आहे. मेहंदी आम्ही तिघांनाच लावतो: नवरीला, कुर्बानीच्या मेंढ्याला आणि शिपायाला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आमच्या गावातून देशाला जो जो शिपाई मिळाला, तो माझ्या ढोलावर नाचून मिळाला. या कामी वडिलांच्या सनईचे तोंड सतत माझ्या उजव्या कानाशी राहिल्याने तो कान कायमचा गेला. सबब, माझा कान सरकारी कामात गेला आहे, असे माझे म्हणणे होते व आहे. (पाहा: माझे यापूर्वीचे अर्ज.)

२. माझी स्वतःची पाळी आली तेव्हा शेजारगावचा ढोलवाला बोलावला होता. त्याच बसमध्ये माझ्याच वयाचे, माझे जिवलग दोस्त म्हणवणारे हायरेत्तीन कोचाकही होते. दोघांचे तळहात एकाच वाटीतल्या मेहंदीने रंगले होते. छावणीच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेब माझ्या पाठीमागे, उजवीकडे उभे राहून काहीतरी कुजबुजले. काय, ते मला आजतागायत कळलेले नाही. त्यांच्या टेबलावर तीन शिक्के होते: 'योग्य', 'पुढील वर्षी यावे' आणि 'अयोग्य'. माझ्या कागदावर तिसरा पडला. हायरेत्तीन आत गेले आणि मी तिसऱ्या दिवशी त्याच बसने परत गावात उतरलो. तळहातावरची मेहंदी अजून लालभडक होती. ती जाईपर्यंत मी चहाखान्यात पेला डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताची मूठ मिटून ठेवली. त्या दिवसांत ती मूठ उघडून दाखवण्याची फर्माईश मला गावातल्या पोरांपासून इमामसाहेबांच्या मेव्हण्यापर्यंत सर्वांनी केली.

आपल्या कागदावर शब्द 'अयोग्य' आहे. आमच्या गावात अशा माणसाला सरळ नासका म्हणतात. नासके फळ निदान टोपलीतून उचलून फेकून देतात. मला मात्र टोपलीतच ठेवावे लागले, कारण गावात दुसरा ढोलवाला नव्हता.

३. त्या वेळी माझा साखरपुडा झालेला होता. मुलगी गुलशेन, चीज करणारे रेम्झी आगा यांची कन्या. रेम्झी आगांनी अंगठी रुमालात गुंडाळून परत पाठवली आणि भर चहाखान्यात म्हणाले, "जो कान सरकारला चालला नाही, तो माझ्या पोरीचं काय ऐकणार?" लोक खूप हसले. मी अर्धेच हसणे ऐकले, एवढी एक सोय झाली. दीड वर्षाने हायरेत्तीन सैन्यातून परतले. त्यांच्या स्वागताचा ढोल मीच वाजवला. त्यांनी ते दीड वर्ष छावणीच्या मुदपाकखान्यात बटाटे सोलण्यात घालवले, हे त्यांच्याच तुकडीतल्या शेजारगावच्या माणसाने मला सांगितलेले आहे. परंतु चहाखान्यात ते आजही डोंगरातल्या बर्फाच्या आणि गोळीबाराच्या कहाण्या सांगतात, आणि दर हिवाळ्यात बर्फ हातभर वाढतो. परतल्यावर महिन्याभरात त्यांनी गुलशेनला मागणी घातली. लग्नात ढोल अर्थातच माझा होता. नाचता नाचता नवरदेव सर्वांसमक्ष ओरडले, "जोरात वाजव की रे, इस्राफिल! तुला नाही आलं ऐकू तरी आम्हाला येतंय!"

महोदय, मी जोरात वाजवला. त्या दिवसापासून मी या माणसाला पाण्यात पाहतो. (रमझानात पहाटेच्या जेवणासाठी गाव उठवण्याचे काम माझ्याकडे आहे. सरपंचांच्या खिडकीखाली माझा ढोल जरा जास्त वेळ वाजतो, अशी त्यांची तक्रार आहे. ती खरी आहे. येत्या सोमवारपासून रमझान सुरू होत असून यंदाही त्यात फरक पडणार नाही.)

४. गेल्या मे महिन्यात अपंग सप्ताहानिमित्त आपल्या खात्याने अपंगांना एक दिवसाचे मानाचे शिपाई केले. त्या यादीत सरपंचांनी मला न विचारता माझे नाव घातले. मला गणवेश दिला, त्याच्या बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. शपथ दिली, ती मी डाव्या कानाने ऐकून घेतली. जेवण दिले, ते चांगले होते. संध्याकाळी सेवामुक्तीचा दाखला हातात देऊन घरी पाठवले. आपल्या खात्याचा हेतू चांगला होता, याविषयी माझी तक्रार नाही. सरपंचांनी मात्र माझा तो लोंबत्या बाह्यांचा फोटो मोठा करून चहाखान्यात लावला, आणि येईल त्याला दाखवून म्हणतात, "बघितलात का आमचा शूरवीर? सकाळी भरती, संध्याकाळी पेन्शन!" सदर फोटो अद्याप तेथे असून त्याखाली बसून मला रोज चहा प्यावा लागतो.

५. गेल्या नोव्हेंबरात सरपंचांचा एकुलता एक मुलगा तुग्रुल सैन्यात निघाला. असा निरोप आमच्या गावाने पाहिला नव्हता. गाड्यांना झेंडे लावले, सरपंचांनी हवेत बंदूक झाडली, तीन गावचे लोक जेवले. सगळी पोरे घसा फुटेपर्यंत ओरडत होती, "सगळ्यात भारी शिपाई कोण? आमचाच शिपाई!" मी वाजवत होतो. सरपंच माझ्या उजव्या कानाशी येऊन काहीतरी बोलले व स्वतःच हसले. नंतर डावीकडे येऊन पुन्हा बोलले: "म्हटलं, नीट बघून घे, इस्राफिल. शिपाई असा दिसतो." तुग्रुल नाचताना मध्येच थांबून माझ्या ढोलाला धरून उभा राहिला. मला वाटले, दोस्तांनी आदल्या दिवशी पाजली असेल.

६. त्यानंतर सरपंच चहाखान्यात सांगू लागले की पोरगा सीमेवर आहे, तिथे फोन लागत नाही, आणि लागला तरी बोलायला बंदी आहे. शपथविधीला गावातल्या एकालाही त्यांनी नेले नाही. आमच्या जेमाल चहावाल्याने विचारलेही, "हायरेत्तीनभाऊ, गणवेशातला एक फोटो तरी दाखव की! माझ्या पुतण्याने चौथ्या दिवशी पाठवला होता, टोपी तिरकी घालून." सरपंच म्हणाले, "गुप्त काम आहे."

जानेवारीत मी एका लग्नात ढोल वाजवायला इझ्मीरला गेलो होतो. लग्नघराच्या गल्लीत लोणच्याचे एक दुकान आहे. आत पाहतो तर सीमेचे रक्षण करणारा तुग्रुल गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकाला काकडीचे लोणचे भरून देत होता. दुकान त्याच्या आत्याचे. मला पाहून त्याच्या हातातला चमचा बरणीत पडला. मग त्याने मला आत बसवले आणि सगळे सांगितले. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो:

"काका, छावणीतल्या डॉक्टरने छातीला नळी लावली. मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, त्याने तिसऱ्याला. तेव्हाच मी ओळखलं. हृदयाची झडप नीट मिटत नाही म्हणाले, जन्मापासूनच. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चढ चढायचा तर थांबत थांबत. अयोग्यचा शिक्का मारला. बाबा न्यायला आले, आणि गाडी गावाकडे न घेता थेट इकडे घेतली. मे महिन्यात मुदत संपेल तेव्हा गणवेश विकत घेऊन घालायचा आणि ढोल लावून गावात यायचं, असं ठरवलंय त्यांनी."

मी विचारले, वाटेत बाबा काही बोलले का. तो म्हणाला, "एकच वाक्य बोलले, काका. रागावू नका. म्हणाले, तूसुद्धा इस्राफिल झालास."

महोदय, आपल्या खात्याच्या यादीत शेकडो आजार असतील. त्यात माझे नाव कधी घातले गेले, हे मला माहीत नव्हते.

७. मी खरे ते लिहितो. परतीच्या बसमध्ये मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांनी देवाने माणूस माझ्या हातात दिला होता, तोही लोणच्याच्या बरणीसकट. मी ठरवले की आत्ता काही बोलायचे नाही. मे महिन्यात सरपंच मुलाला विकतच्या गणवेशात बसमधून उतरवतील, सारा गाव जमलेला असेल, मला "वाजव" म्हणतील. तेव्हा टिपरू खाली ठेवायचे आणि मोठ्याने विचारायचे, "तुग्रुल, काकडीचं लोणचं कसं किलो?" हे वाक्य मी घरी अनेकदा म्हणून पाहिले. प्रत्येक वेळी चांगलेच वाटले.

८. परंतु सरपंचांनी माझ्या हातावर तुरी देण्याचा घाट घातला आहे. या महिन्याच्या ३१ तारखेला सरपंचपदाची निवडणूक आहे. विरोधकांनी तुग्रुलच्या गणवेशातल्या फोटोचा विषय लावून धरला आहे. म्हणून त्यांनी आपल्याकडे फेरतपासणीचा अर्ज केला असून, सोबत ओळखीच्या एका खाजगी डॉक्टरचा 'हृदय ठणठणीत' असा दाखला जोडला आहे. मुलगा खरोखरच सैन्यात गेला की मागचे सगळे खोटे आपोआप खरे होईल, असा त्यांचा हिशेब आहे. सोबत हेही नमूद करतो की सरपंचांच्या परसात सध्या एक पांढरा मेंढा बांधलेला असून त्याच्या कपाळावर मेहंदी लावलेली आहे. कुर्बानीच्या ईदला अजून तीन महिने अवकाश आहे. हा मेंढा गोकबेलला, आपल्या कार्यालयाच्या दिशेने जाणार असल्याचे सरपंचांच्या ड्रायव्हरने सांगितले. कोणासाठी, ते मी लिहीत नाही. मुलाला सैन्यातून सोडवण्यासाठी मेंढे नेणारे बाप आपण पाहिले असतील. हृदय बिघडलेल्या मुलाला आत ढकलण्यासाठी मेंढा नेणारा बाप मात्र यायलाबाशीतच निपजू शकतो.

९. काल दुपारी सरपंचांच्या पत्नी श्रीमती गुलशेन कोचाक माझ्या घरी आल्या होत्या. लग्नानंतर प्रथमच. पालक भरून भाजलेल्या पोळीची, म्हणजे बोरेकची, थाळी आणली होती. सदर भेटीचा या अर्जाशी काहीही संबंध नाही, केवळ कागदोपत्री पूर्ण माहिती असावी म्हणून लिहितो. त्या माझ्या डाव्या बाजूस बसल्या. कोणता कान चालतो, हे त्यांच्या लक्षात होते. याचीही नोंद घेण्याचे कारण नाही.

त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे यायला मला तोंड नाही, इस्राफिल. पण हे ऐकत नाहीत रे. म्हणतात, डॉक्टर काहीही बोलतात, दोन महिने डोंगरात राहिला की पोलाद होईल. पोरगंही हट्टाला पेटलंय. म्हणतं, मेलो तर निदान शिपाई म्हणून मेलो. पाठीवर ओझं घेऊन ते पहिल्याच चढाला बसेल, मला दिसतंय. माझी सही कुठं चालत नाही. तू साहेबांना अर्ज करत असतोस ना? वाचतात ना ते तुझे अर्ज?"

मी म्हणालो, "वाचतात."

महोदय, मी त्या बाईंना खरे सांगितले की खोटे, हे आता आपल्या हातात आहे.

१०. तरी वरील सर्व बाबींचा विचार करून माझ्या पुढील मागण्या मान्य व्हाव्यात:

(अ) तुग्रुल हायरेत्तीन कोचाक यांना कोणत्याही परिस्थितीत 'योग्य' ठरवू नये. 'पुढील वर्षी यावे' हा शिक्काही नको, कारण सरपंच पुढील वर्षीही मेंढा पाळतील. त्यांना 'अयोग्य'च ठेवावे, आणि तेही कायमचे.

(आ) खाजगी डॉक्टरचा दाखला ग्राह्य धरू नये. सरकारी इस्पितळात, हृदयाच्या डॉक्टरांकडून, यंत्रावर तपासणी व्हावी.

(इ) आपले तपासणीचे दालन दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे. तरी तुग्रुल यांना खालीच बसवून तपासावे. हे मी दयेपोटी लिहीत नाही. जिन्यात काही बरेवाईट झाले तर माझा सूड अर्धवट राहील.

(ई) निकालाची एक प्रत गावातील चहाखान्यात, माझ्या फोटोशेजारी लावण्यात यावी.

(उ) मेंढा आल्यास परत पाठवावा.

माझ्या उजव्या कानाविषयीची जुनी मागणी या वेळी करीत नाही. आपले सर्व लक्ष वरील (अ) कडे असावे.

११. माझा हेतू पुन्हा स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. हायरेत्तीन कोचाक यांनी नासक्या मुलाचा बाप म्हणून जगावे, अशी माझी इच्छा आहे. त्यांचा मुलगा रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असावा. तो जेवायला बसावा, त्याने लग्न करावे, त्याला पोरे व्हावीत, आणि सरपंचांनी म्हातारपणी त्या नासक्याच्याच हातचे पाणी प्यावे. एवढी मोठी शिक्षा मला दुसरी सुचत नाही. पोरगा डोंगरात मेला तर सरपंच हुतात्म्याचे बाप होतील, दारावर झेंडा लागेल, लोक त्यांचा हात चुंबतील आणि मला पुन्हा वाजवावे लागेल. ते मी होऊ देणार नाही.

लोणच्याच्या भावाचे ते वाक्य मी रद्द केले आहे. आपला निकाल आला की मी स्वतः इझ्मीरला जाऊन तुग्रुलला घेऊन येईन. साध्या कपड्यांत, दिवसाढवळ्या. बसमधून उतरण्यापूर्वी त्याच्या तळहातावर मी मेहंदी लावीन, आणि त्याने ती मूठ मिटायची नाही, असे बजावीन. मग बसथांब्यापासून सरपंचांच्या दारापर्यंत ढोल वाजवत नेईन. नासका म्हणून परत आलेल्या मुलासाठी आमच्या गावात आजवर कोणी ढोल वाजवलेला नाही. सरपंचांना दार उघडावेच लागेल.

तो सगळा रस्ता चढाचा आहे. जाताना आम्ही शिपायांना नाचत उतरवतो तोच. त्या दिवशी मी अगदी सावकाश वाजवीन, आणि वळणावळणावर थांबून ढोलाच्या दोऱ्या आवळीन. इस्राफिल म्हातारा झाला, त्याला दम लागतो, असे लोक म्हणतील. त्यांना तसे म्हणू द्यावे, एवढी विनंती.

आपल्या उत्तराकडे डावा कान लावून बसलेला,

(सही)
इस्राफिल मेव्लूत दावुलजू
यायलाबाशी, दि. ६ मार्च २०२४

सोबत जोडले आहे:
१) माझ्या 'अयोग्य' प्रमाणपत्राची प्रत.
२) एक दिवसाच्या शिपाईगिरीचा सेवामुक्ती दाखला (मूळ प्रत, परत नको).